तळ टेकायच्या आत

९ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. तू पाठवलेली पितळी पट्टी, फायबरचं कापड आणि रेझिनचे डबे नीट पोचले. बाबा आहेत तसेच. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, कान मात्र तिखट. त्यांची खाट खिडकीशी हलवली आहे, तिथून नदीचा उतार दिसतो. सुट्टीत येऊन त्यांना होडीत फिरवीन असं तू फोनवर कबूल केलंस, तेव्हापासून ते रोज कॅलेंडरकडे बोट दाखवतात.

होडीचं विचारलंस. पाणी फार उतरलंय. पलीकडच्या काठावर लायब्ररीत कामाला जाता-येता नदीतल्या गोट्यांवरूनच न्यावी लागते. तळाचा रंग केव्हाच गेला, आता प्लायवूडचे पापुद्रे सुटतायत. कृती तू नीट कळवलीस: तळ घासून कोरडा करायचा, रेझिन लावून कापड चिकटवायचं, मधोमध स्क्रूनं पट्टी आवळायची. एका रविवारचं काम. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते. ते खरं नाही.

बाबांनी अंगणात ही होडी बांधली तेव्हाचा त्यांचा नियम तुला आठवत असेल. तळ टेकायच्या आत पाण्यात उतरायचं आणि होडी हातानं चालवत आणायची. मी आता उतरत नाही. खरखर सुरू होईपर्यंत बसून राहते, मग दोरी धरून वर ओढते. सावकाश. खिडकीतून बाबांचा घशातला आवाज येतो. मी आत जाऊन विचारते, "काय झालं बाबा? होडीला लागलं? थांबा हं, फुंकर घालते."

नर्सबाई म्हणाल्या, "अहो ताई, त्यांना त्रास होतो त्या आवाजाचा. उचलून आणा की."

"एकटीला उचलतेय होय?" मी म्हटलं.

मी कॉलेजात असताना होडीला ओरखडा पडला की बाबा पॉलिश पेपर घेऊन माझ्या दंडावर घासायचे. "कळू दे तिला, कसं लागतं ते." हे तुझ्याशी कधी बोलले नाही, कारण मग पुढचंही बोलावं लागलं असतं. हात धरायला तू असायचास. हसायचास. घाबरून हसत असशील, हे तेव्हाही कळत होतं. पण पकड काही सैल पडायची नाही.

हा सूड म्हणावा का? बाबांची वाचा जाईपर्यंत माझी हिंमत नव्हती. म्हणजे सूडही भित्राच.

काल ओढताना आतून आवाज आला नाही. धावत गेले. बाबा जागे होते. माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी होडीवरून मन काढून घेतलं होतं. मग मी काय केलं सांगू? खाली गेले, होडी पाण्यात ढकलली आणि पुन्हा वर ओढली.

तळावर अंगठा दाबला तर आत जातो. पट्टी मी बसवणार नाही. ओढायची थांबेन असंही वाटत नाही. सुट्टीची वाट पाहू नकोस, याच आठवड्यात ये. होडी ने, नाहीतर बाबांना ने. दोघं माझ्या हाती ठेवू नकोस.

बाबांचं सगळं करणारी,
तुझी बहीण