बेटावरचा मुक्काम

मामा,

आमी समदे नदीतल्या बेटावर निघालो. तिथल्या बागेत, वाळूच्या काठाला तंबू ठोकून रातभर मुक्काम हाय. "जलम मेंढरांमागं उघड्यावर गेला, आता हौसेनं कोण निजतं उघड्यावर?" म्हणत तुमी रुसून माळावर गेलात. आत्याबाईबी तेच म्हणायल्या व्हत्या, पण जीपमधी सगळ्यांच्या आधी त्याच जाऊन बसल्यात!

मेंढरं राती सुरजभाऊजी बघतील. भाकरी टोपल्यात हायत.

तुमची घोंगडी मात्र घरात धुंडू नका. ती आत्याबाईंनी मुद्दाम सोबत नेलीय. घोंगडीबिगर तुमचा डोळा लागत न्हाई, हे तुमच्यासंगं जलमभर संसार केलेल्या त्यांच्याहून जास्त कुणाला ठावं? बेटावर यायची शेवटची नाव दिवस मावळायला सुटती.

तुमची सून,
दैवशाला