राहिलेल्या एकशेवीस ओव्या

पावस. श्रावण शुद्ध दशमी, सायंकाळ.

श्रीगजाननाच्या कृपेने लेखणी धरली आहे, पण चित्त स्थिर नाही. आज पोथीची समाप्ती होती. ओव्या सातशेवीस. पहिल्या निम्म्या सावकाश, मिनिटाला सहा. उरलेल्या जलद, मिनिटाला बारा. सरासरी नऊ धरून मी सर्वांना सांगून टाकले, "चारला आरंभ, पाच-वीसला समाप्ती. भाट्ये गावाहून आलेल्या काकूंना साडेपाचची बस निश्चित मिळेल."

नातीने, मुक्तेने, तेव्हाच अडवले. "आजोबा, सावकाश वाचनाला तास लागणार, जलदला अर्धाच. मग सरासरी नऊ कशी हो? आठच येते. नव्वद मिनिटं लागतील!"

"पोथीपुढे बीजगणित नको. गप्प बस!" मी सर्वांसमक्ष म्हणालो.

पाच-वीस झाले, आणि एकशेवीस ओव्या उरल्या. काकू आजारी मुलासाठी फलश्रुती ऐकायला आल्या होत्या. पोथीला हात लावून, डोळे पुसत त्या बससाठी उठल्या. एकशेवीस ओव्या! गणित चुकले ते चुकलेच. पण खरे बोलणाऱ्या लेकराला देवासमोर दटावणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? माझा अहंकारच ना तो?

आत्ताच मुक्तेला हाक मारली. "चुकलो, बाळ. उद्या काकूंच्या घरी जाऊन उरलेल्या ओव्या सावकाश वाचतो. किती वेळ धरू?"

"वीस मिनिटं. आणि बसची वेळ मी बघते हं, तुम्ही नको!"

तिलाही सोबत नेईन. पोथी उघडण्याआधी काकूंना सांगेन की हिचेच खरे होते.

हे पान वाचतील त्या सर्वांचे कल्याण होवो. त्यांच्या घरातील धाकट्यांचे शब्द थोरांच्या कानी पडोत.