बारा ताटल्यांचा नैवेद्य

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्याच्या कृपेने या वयातही लेखणी हाती स्थिर राहते, त्या दयाघनाला आधी वंदन, मग विषय.

विषय असा — आमच्या फ्रिजमध्ये आज बारा काचेच्या ताटल्या विराजमान झाल्या! नात क्षितिजा सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. कॉलेजचा फ्रिज बिघडला, म्हणून हे बिऱ्हाड मनवेलपाड्यात आमच्या घरी. आत खरवसासारखे काहीतरी थिजलेले.

"हे बुरशीचं जेवण, आजोबा. बटाट्याचं पाणी, साखर, समुद्रशेवाळाचं अगर. गास गावच्या मार्सेलकाकांच्या केळीला मर रोग लागलाय का, तो बुरशीचाच असतो, ते यावर कळणार. झाकणाला हात लावायचा नाही हं!"

बटाटा आणि साखर — म्हणजे उपासालाही चालते!

१५ नोव्हेंबर, शनिवार

एकादशी. मन स्वस्थ बसेना. घरात शिजलेले अन्न देवाला दाखविल्यावाचून कोणी सेवू नये. सेवणारा डोळ्यांना दिसत नाही, एवढ्यावरून नियम का मोडावा?

स्नान केले, सोवळे नेसलो. एका ताटलीतून चांदीच्या चमच्याने कणभर घेऊन नैवेद्य दाखविला. मग रीतीप्रमाणे तो बाराही ताटल्यांत थोडा थोडा परत मिसळला, म्हणजे सर्वच प्रसाद झाला. झाकणे चमच्याच्या टोकाने उचलली, परत जशीच्या तशी ठेवली. हात कुठेही लावला नाही! मार्सेलच्या वाडीसाठी दोन शब्द अधिक बोललो. तीस वर्षे त्यांचीच केळी खातो आहोत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्षितिजाने ताटल्या नेल्या. मार्सेलनी पिशवीतून दिलेले खोडाचे तुकडे त्यांत ठेवले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाराही ताटल्यांत बुरशी — पांढरी, कापसासारखी!

"मर रोगच दिसतोय, आजोबा. कॉलेजचे सर गावाला गेलेत, सोमवारी दुपारी बघतील. पण काका थांबायला तयार नाहीत. पसरायच्या आत सोमवारी सकाळीच वाडी खणून काढतो म्हणाले. तीनशे झाडं!"

मी चमच्याचे बोललो नाही. सोवळ्यात केलेल्या कृत्याला दोष कसा लागेल?

२२ नोव्हेंबर, शनिवार

लागेल का?

पोथी उघडली. त्याच ओळीवर तीनदा आलो. सौ. रखमाबाई म्हणाली, "अहो, देवाशी भांडलात की काय?" चाळीस वर्षे मुलांना सत्याचे पाठ दिले, आणि हे एवढे एक वाक्य ओठांबाहेर पडत नाही. पोर हसेल याचे भय! इकडे मार्सेलची झाडे जायची वेळ आली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितले. चहाचा कप खाली ठेवून, एका दमात.

"आजोबा! बाराच्या बारा?"

"सर्वांना प्रसाद मिळावा म्हणून."

रखमाबाई पदरात तोंड लपवून हसत होती. "तरी म्हटलं, चांदीचा चमचा एवढा चिकट कसा!"

"पण मी सोवळ्यात होतो," मी शेवटचा बचाव मांडला.

"सोवळ्यात तुम्ही होतात. चमचा कुठे होता?"

एवढे विचारून पोरीने फोन उचलला. ती ओरडली, "मार्सेलकाका, कुदळ उचलू नका! आमच्या आजोबांनी बुरशीला प्रसाद दिलाय!" आता गासभर माझी कीर्ती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

क्षितिजा स्वतः वाडीत जाऊन ताजे तुकडे कापून आली. नव्या ताटल्या या वेळी घरी आणल्याच नाहीत. योग्यच!

३० नोव्हेंबर, रविवार

नव्या बाराही ताटल्या कोऱ्या. मर रोग नाही; सर म्हणतात, खताची उणीव आहे. झाडे उभी राहिली!

मार्सेल केळ्यांची फणी घेऊन आले. मी क्षमा मागण्यासाठी हात जोडले, तर त्यांनी ते धरून खाली केले, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, त्या खोडाच्या तुकड्यांची पिशवी भरली ना, तेव्हा मी पण आत चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडलेलं. चांगलं दोन-तीनदा. पोरीला नका सांगू."

सांगितले नाही. फक्त या पानाला.

हे पान ज्याच्या हाती लागेल, त्याच्या ताटात अन्न राहो, दारी हिरवे राहो, आणि त्याचे अपराध देव असेच हसत पोटात घालो.