साल काढलेला रोडगा

माय, परवा दम्यासाठी दाखवायला गेलो, तेव्हा अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "लहानपणी मातीत, गुराढोरांत वावर होता का?" शेतकऱ्याचा पोरगा असून मी "नाही" म्हणालो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. आपल्या अंजनगावच्या घरी गोठा दारातच होता, पण तू मला त्यात कधी पाऊल टाकू दिलं नाहीस, हे त्यांना कसं सांगू?

तुला ते मळ्यातलं जेवण आठवतं का? गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे काका दुपट्ट्यावर आपटून राख झटकतो, पोरं तसेच वरणात कुस्करतात. तू मात्र माझ्या रोडग्याची साल सोलत बसतेस आणि आतला पांढरा गोळा तेवढा ताटात ठेवतेस. काकू म्हणाली, "काहून वं, पोराले काचेच्या बरणीतच ठेव ना आता!" सगळे हसले. तू मान वर केली नाहीस. "एक उघड्यावर ठेवली होती," म्हणालीस, "राह्यली का?" माझ्या आधी एक ताई होती, रांगती, आणि ती हगवणीनं गेली, हे मला त्या दिवशी कळलं.

माझा धंदा मोटार वाइंडिंगचा, विहिरीवरच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचा; तो मला कुणी शिकवला नाही. जळालेल्या मोटारी उकलून उकलून मी शिकलो. हा दमाही तसाच उकलून पाहिला. गोठ्यातल्या, मातीतल्या साध्या जंतूंशी लहानपणीच ओळख झाली, तर कुणाशी भांडायचं आणि कुणाला सोडून द्यायचं हे शरीर शिकतं म्हणतात. नाही झाली, तर ते तुरीच्या भुसालाही वैरी समजतं. माझं तसं झालं असेल. 'असेल'च म्हणतो, कारण गोठ्यात वाढलेल्यांनाही दमा होतो, आणि डॉक्टरीणबाईंनीही याहून ठाम काही सांगितलं नाही. ताईला नेलं ते जंतू वेगळे, घाण पाण्यातले. तू पाणी उकळायचीस ते बरोबरच होतं. गोठ्यापासून मला तोडलं नसतंस तरी चाललं असतं. एवढा फरक तुला सांगणारं कुणी हवं होतं, माय. लेकरू गमावून बसलेल्या बाईला सगळीच माती सारखी दिसणार.

खरं तर तुझ्याशी भांडायलाच लिहायला बसलो, पोचणार नाही हे ठाऊक असून. तू गेलीस तेव्हा गावात तूर काढणं चालू होतं, हवेत नुसता भुसा. मी तुला खांदा देऊन मारुतीच्या पारापर्यंतच नेऊ शकलो. तिथं माझा श्वास पुरेना. चुलतभावानं माझ्या खांद्यावरून तुला घेतलं आणि मी पारावर बसून, तोंडात दम्याचा पंप धरून, तुला जाताना पाहिलं. एकुलता एक मुलगा मी. तो राग इतकी वर्षं तुझ्यावरच काढत आलो.

गेल्या रविवारी अमरावतीकडे, लेकीच्या सासरी होतो. नातू अंगणात शेळ्यांमध्ये रांगत होता. लेक म्हणाली, "खेळू द्या त्याले. तुमीच तर सांगता ना बाबा, मातीत वाढलं पाह्यजे म्हणून!" मीच सांगितलं होतं, फोनवर, चांगलं तासभर समजावून. तेवढ्यात त्यानं मूठभर माती तोंडात घातली. मी धावलो. त्याला उचलून नळाखाली धरलं, तोंडात बोट घालून कण न् कण काढला, हाताला साबण लावला. तो रडत होता. "बाबा, काय करून राहिले तुमी?" लेक ओरडली.

मला सगळा फरक माहीत होता, माय. तरी धुतलं.