उलटवलेला तळवा

प्रिय छोट्या,

वर्षभरात तुला एक ओळही लिहिली नाही आणि आज हा भलामोठा मेल. तेव्हा आधी काय रागवायचं ते रागावून घे, मग वाच. बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण वर्कशॉपचं शटर अजून तेच वर करतात आणि पॉलिशच्या चाकाजवळ कुणाला फिरकू देत नाहीत.

हॉस्पिटलचं पत्र आलंय. आपल्या कॉम्प्युटरवरची सिस्टिम आता इतकी जुनी झालीय, की एक तारखेपासून तिच्यावरून गेलेली कुठलीही फाइल ते उघडणार नाहीत. उद्या पाचपर्यंत उत्तर द्यायचंय. विकतची नवी सिस्टिम आपल्या म्हाताऱ्या मशिनांना झेपत नाही. राहिली तुझी ती फुकटची सिस्टिम आणि तिच्यावरचं तळवे आखायचं सॉफ्टवेअर. हॉस्पिटलचं काम गेलं, तर आखूड पायांच्या मुलांचे बूट करणारे आपण चपला शिवत बसू. पण बाबा हट्टाला पेटलेत. म्हणतात, त्या सॉफ्टवेअरने एकदा तोंडघशी पाडलंय, पुन्हा घरात नको. मी गप्प बसले, ते का हेच सांगायचंय.

चार दिवस तुझ्या जुन्या खुर्चीत बसून ते शिकतेय. पहिले दोन दिवस नुसता वैताग. एक बटण जागेवर नाही. तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, त्या पोचल्या असतील. तिसऱ्या दिवशी सरावासाठी आपल्याच जुन्या फाइली उघडल्या, आणि त्यांत त्या मुलीची फाइल निघाली. डावा पाय पाऊण बोट आखूड, उंची आतल्या तळव्यात, कातड्याखाली. बाहेरून काही दिसायचं नाही. ती उंची उजव्या बुटात गेली, पोर शाळेच्या पायऱ्यांवरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. मी चौघांदेखत तुझ्यावर खापर फोडलं. तू ‘ताई, एकदा तपासून तरी बघू’ म्हणालास. मी ऐकून घेतलं नाही. आठवड्यात तू शहर सोडलंस.

ते सॉफ्टवेअर प्रत्येक पायरीची नोंद ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. तू आखलेली जोडी अगदी बरोबर होती. त्यानंतर, कटिंगला पाठवायच्या मिनिटभर आधी, कुणीतरी ती उलटवली, डाव्याचा तळवा उजव्याचा झाला. नोंदीपुढे माझं नाव आहे.

आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तळवे खालून दिसतात, म्हणून कापण्याआधी जोडी एकदा उलटवावी लागते. पंधरा वर्षं ते करतेय. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ते वरून दिसतात, उलटवायचं काही कारणच नाही. तू कातडं आणायला गेलास, मी येता जाता, कटिंगला पाठवायला माझ्या स्क्रीनपाशी वाकले, आणि हाताने सवयीचं काम करून टाकलं. मला ते केल्याचं आठवतही नाही, छोट्या. बरोबर असलेलं मी चुकवलं आणि तुला घराबाहेर काढलं.

खरं सांगते, कालचा अख्खा दिवस मनात एकच विचार होता. जुन्यालाच चिकटून राहिलं, हॉस्पिटलला नाही म्हटलं, तर ती फाइल पुन्हा कुणी उघडणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांचाही मान राहील. या विचाराची मला अजून लाज वाटतेय.

हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे : हे सॉफ्टवेअर पूर्वी वापरून सोडलं असल्यास कारण द्या. मी आज सकाळी तो भरला. सॉफ्टवेअर बरोबर होतं, आखणारा माझा भाऊ बरोबर होता, जोडी मी उलटवली. त्या मुलीच्या आईला फोन करून हेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. उद्या चारला फॉर्मवर बाबांची सही लागेल, आणि ते सही करण्याआधी प्रत्येक अक्षर वाचतात. त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
ताई