उंबर बांधला, आता लगीन लावा

आये, तुझ्या मठात यंदा लगीन लागलं. तू असतीस तर आधी विचारलं असतंस कुणाच्या पोरीचं, आणि मग तोंड फुगवून बसली असतीस, मला कसं नाय बोलावलं म्हणून. तेवढ्यासाठीच लिहायला बसलेय. बोईसरजवळच्या सरावलीच्या खोलीत पंखा नुसता गरम वारा ढकलतोय, शेजारी नवराबायकोचं हिंदीतून भांडण चाललंय, आणि मी चिंध्यांचं गाठोडं बाजूला सारून पाटावर कागद ठेवलाय. कपड्यांच्या कंपनीत आता मी मशीनवर बसत नाही, नव्या पोरींची शिलाई तपासते. उसवून परत घालायला लावते म्हणून त्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. तुझीच जीभ घेऊन आलेय, त्याला मी काय करू!

तुझा मठ म्हणजे तोच, माकुणसारच्या पलीकडे खाडीच्या अंगाला पडलेला फिरंग्यांचा मठ. छप्पर कुठल्या काळात गेलं देव जाणे. चार भिंती, एक उंच कमान आणि आत दगडी फरशी. बाहेरून माणसं येऊन भिंतींचे फोटो काढायची आणि तुला त्यांचं हसू यायचं, कारण तुझ्या लेखी त्या मठाचा उपयोग एकच. फरशी लवकर तापते, जवळा लवकर वाळतो. अजून दिसतं मला, मी लहान, कमानीच्या सावलीत झापाचा तुकडा घेऊन कावळे हाकलत बसलेय, तू ओणवी होऊन जवळा पसरतेयस, आणि पसरता पसरता तोंडातल्या तोंडात लग्नाचा धवळा चाललाय. त्या भिंतींत आवाज असा घुमतो की तू एकटी असूनही दोघी म्हणताहेत असं वाटतं. तू म्हणायचीस, पाद्र्यांनी एवढी एक गोष्ट बरी केली.

गावात धवळा म्हणणाऱ्या धवलारणी दोघीच, तू आणि मावशी. सख्खी बहीण नव्हे ती तुझी, पण सख्खीपेक्षा जास्त भांडायची. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नातला प्रत्येक विधी तुमच्या धवळ्यावर चालायचा. तू ओळ टाकायचीस, मावशी ती उचलायची. भटजी आला तरी कोपऱ्यात उभा राहून तुमचं आटपायची वाट बघायचा. आणि मी ऐकून ऐकून सगळं पाठ केलं होतं, तुला न कळत. कळलं ते त्या दिवशी, चुलीपुढे. तू तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस, मी भांडी घासता घासता हळदीचा धवळा म्हणायला लागले. पाठीत असा धपाटा बसला की फ्रॉकवर पिठाची पाच बोटं उठली. कुवार पोरीने धवळा तोंडात घ्यायचा नाय, लगीन लांबतं, म्हणालीस. तुझं शास्त्र बाकी पक्कं निघालं, आये. माझं लगीन इतकं लांबलं की आता दुर्बिणीतूनही दिसणार नाही.

नाही जमलं, एवढंच. स्थळं आली, गेली. कुणाला माझी नोकरी नको होती, कुणाला पगार हवा होता पण मी नको होते, आणि एक जरा बरा होता तो मलाच आवडला नाही. मला त्याचं वाईट वाटायचं बंद होऊन जमाना झाला. तुला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं. शेजारणीच्या धाकटीचं लग्न लावून तू भर दुपारी घरी आलीस तो दिवस मला आठवतो. घसा बसलेला, पदराला हळद. मी पेज वाढली. तू दोन घोट घेतलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "गावातल्या समद्या पोरींची नावं घेतली मी धवळ्यात. घरातलं एक तेवढं रायलं." मी काहीतरी वेडंवाकडं बोलून ते हसण्यावारी नेलं आणि तूही हसलीस. पण पेज तशीच राहिली.

तू गेल्यावर मावशी एकटी पडली. एकटीने धवळा म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर बोलवायलाही कुणी येईना. आता हळदीला डीजे असतो. एवढाले भोंगे लावतात, घरातली भांडी फळीवरून खाली येतात. मावशी दाराशी बसून सोडे निवडत असते आणि कुणी धवळ्याचं विचारलं तर म्हणते, गेली माजी जोडीदारीन, आता कसला धवळा. मला आतून धाकधूक लागायची. ही म्हातारी उद्या उठली नाही तर तुझं सगळं हिच्याबरोबर जाईल. माझ्याकडे तुझं एक लुगडं आहे आणि एक विळी. तुझा आवाज फक्त हिच्या घशात उरला होता.

आता मठाचं सांगते. पालघरच्या शाळेतली चित्रकलेची बाई आहे एक, माझ्या भाचीच्या वयाची. काही वर्षांपासून ती दर वैशाखात मठात उन्हाळी मेळा भरवते. दिवसभर हस्तकला, संध्याकाळी नाचगाणी. डोंगराकडच्या बायका बांबूच्या टोपल्या विणतात, पोरांना तांदळाच्या पिठाने चित्रं काढायला शिकवतात. किनाऱ्यावरचे म्हातारे जाळं विणून दाखवतात. बोईसरच्या कामगारांची पोरं बसने येतात, त्यांची सगळी बोली हिंदी. माझं टेबल चिंध्यांच्या बाहुल्यांचं. पोरं मला आंटी म्हणतात आणि मी त्यांना टाके उसवायला लावते. जिथे तू जवळा वाळवायचीस तिथे आता रंगवलेली कापडं वाळत असतात. तुला आवडलं असतं, जरा कुरकुर केली असतीस, पण आवडलं असतं.

बाई मावशीकडे दोनदा गेली होती, मेळ्यात धवळा म्हणा म्हणून. मावशीने चहा पाजला आणि वाटेला लावलं. लगीन नाय तर धवळा नाय, तो काय टीवीवरचा गाना हाय? बाई बिचारी हिरमुसून परत आली. मी तिला म्हटलं, सोड, आमची माणसं अशीच. पण मला तिच्यापेक्षा जास्त लागलं होतं.

आणि मग बाईच्या हातून घोटाळा झाला. तिने डोंगराकडच्या पोरांना सांगितलं, संध्याकाळच्या कार्यक्रमाला कमानीपुढे लग्नासारखा मांडव घाला. तिच्या मनात आपली शोभा. पण अर्धा मांडव कसा घालायचा हे त्या पोरांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. त्यांनी खांब रोवले, वर हिरवे टाहाळे टाकले, आंब्याची पानं बांधली, आणि रीतीप्रमाणे उंबराची फांदी आणून मधोमध रोवली. बुंध्याशी नारळ, कुंकू, तांदूळ. बाई खूश झाली, फोटो काढले. मी टेबलावर मान खाली घालून बाहुलीचा पदर टाचत होते, माझं लक्षच नाही.

ऊन कलल्यावर गावातल्या बायका आल्या, नाच करायला सजून. त्यांच्याबरोबर मावशी, नुसती बघायला. काठी टेकत कमानीपर्यंत आली आणि उभी राहिली. उंबराकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, आणि विचारलं, कुणाचं लगीन हाय? बाई हसत म्हणाली, कुणाचं नाही आजी, सजावट आहे. आये, तू तिथे असायला हवी होतीस. सगळ्या बायकांची तोंडं उतरली. उंबर बांधलाय आणि नवरी नाही? रिकामा मांडव उतरवला तर गावातल्या पोरींची लग्नं अडतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. बाईने घाबरून पोरांना सांगितलं, काढा तो. पोरं मागे सरली. आमच्यातही असंच हाय, म्हणाली, आमी हात लावनार नाय. मग बायका म्हणाल्या, आम्ही नाचणार नाही. एक म्हणाली, पुढल्या वर्षी मेळा दुसरीकडे भरवा. बाईच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

मावशी उंबरापाशी फतकल मारून बसली होती. तिने काठी उचलली आणि सरळ माझ्याकडे रोखली. "नवरी नाय कशी? ती काय बसलीय."

सगळा मठ माझ्याकडे वळला. मी पन्नाशी उलटलेली बाई, तोंडात सुई, मांडीवर चिंध्या, चष्मा नाकावर घसरलेला. कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान असे तापले, तुला काय सांगू. मावशीला आता जाऊन चांगलं झाडते असं म्हणून मी उठले, तेव्हा ध्यानात आलं की काठी माझ्यावर नाही, माझ्या हातातल्या बाहुलीवर आहे. हिरवं लुगडं, मण्यांच्या मुंडावळ्या, सगळं शिवून तयार होतं बाहुलीचं.

मग काय विचारतेस! लगीन म्हटल्यावर आपल्या बायकांना दम कुठला. टोपल्या विणणाऱ्या, डोंगराकडच्या एकीने बांबूच्या सालींचा नवरा विणला, नाक जरा मोठं झालं पण चालून गेलं. ती स्वतः धवलेरी निघाली. त्यांच्यातही लग्न लावणारी बाईच असते. ती नवऱ्याकडची झाली. हळद खरीखुरी आणली, एका घरून वाटी आली, एका घरून ताट. वऱ्हाडाला ताडगोळे. बोईसरची पोरं दोन्हीकडून नाचत होती, त्यांना कुणाकडचे आहोत ते समजलंच नाही. त्यांच्यातल्या एकीने येऊन मला विचारलं, आंटी, गुड़िया का नाम क्या है? मी म्हटलं तुम्हीच ठेवा. त्यांनी ठेवलं, छान फिल्मी नाव, आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं.

हळद लागायची वेळ झाली. मावशीने घसा खाकरला आणि मला हाक मारली. म्हणाली, तुज्या आयची जागा रिकामी हाय, बस. पाठीवरची ती पिठाची पाच बोटं जशीच्या तशी जाणवली बघ. मी खाली वाकून तिच्या कानात म्हटलं, "मावशे, मी कुवार. मला चालत नाय."

मावशी म्हणाली, "बावली तू केलीस ना? मग नवरीची आय तू. नवरीची आय कुवार असते काय गो? बस."

बसले. पहिली ओळ तिनेच टाकून दिली, मला चाल मिळावी म्हणून. आवाज चिरकलेला, पण चाल तीच, शेवटाला जरा खाली उतरणारी. मी उचलली, आणि पुढची मी टाकली. पहिल्या दोन ओळी मला माझंच ऐकू येत नव्हतं, आणि मग भिंतींनी आवाज परत दिला, आणि आये, तो तुझा होता. मला वाटत होतं तो एकट्या मावशीच्या घशात उरलाय. मागून एक म्हातारी रडायला लागली, मग तिच्या शेजारची. मला एकही ओळ शोधावी लागली नाही. कुठे ठेवली होती ही सगळी मी इतकी वर्षं?

मावशी आता दर रविवारी मठात येते. बाई आणते तिला गाडीवर बसवून, आणि म्हातारी मागे बसून तिला गाडी कशी चालवायची ते शिकवते. गावातल्या चारपाच पोरी धवळा शिकताहेत, बहुतेक कुवारच. मावशीने नवं शास्त्र काढलंय, बावलीच्या लग्नापुरता कुवारींनी म्हटला तर दोष नाय. पुढल्या वैशाखात त्या बांबूच्या नवऱ्याच्या बहिणीचं लगीन ठरलंय म्हणे, टोपलीवालीने आत्तापासून मानपानाची बोलणी सुरू केलीत. पोरींपैकी एकीचा आवाज तुझ्यासारखा जाड आहे. मी तिला ओळ टाकायला शिकवते, उचलायला मावशी.

हे कुठे टाकायचं मला माहीत नाही. खाडीत सोडणार नाही, तू कागद भिजवला म्हणून ओरडशील. तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवते. आणि एक राहिलं, तेवढं सांगून आटपते. धवळ्यात नवरीला मांडवाखाली बोलावतात, तिथे तिचं नाव घ्यायचं असतं, ती ओळ टाकायची पाळी माझ्यावर आली. पोरांनी ठेवलेलं नाव अख्ख्या मठाला पाठ झालं होतं. मी माझं नाव घेतलं. मावशीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तेच नाव पुढे उचललं, जराही न अडखळता. बाकीच्यांना वाटलं, म्हातारपणी विसरायला झालं हिला. विसरले नव्हते, आये.