एकट्याने जेवायचा पट्टा

म्हणजे शेवटी कंजूष मीच ठरलो! फोनवर मला जे बोललात ते बोललात, वर फोन ठेवता ठेवता शेजारी बसलेल्या चर्चच्या बायकांनाही ऐकवलंत, की भावाचा मुलगा ऑस्ट्रेलियात जाऊन गोरा झाला, आत्याला जेवू घालायचं तर आधी हिशेब करतो. त्यांचं हसू मला इथे गोल्ड कोस्टला ऐकू आलं. मी तोंड उघडतोय तोवर फोन बंद. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच बंद करता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि तुम्ही वाचल्याशिवाय काही फाडत नाही हे मला ठाऊक आहे.

आता रीतसर लिहितो. आदरणीय लावीनिया आत्याबाईंना मानासेचा नम्र नमस्कार. देवाच्या दयेने मी धडधाकट आहे, दात सगळे जागेवर आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? पाद्रीसाहेबांचा खोकला? गायनमंडळात अजून तुमचाच आवाज सगळ्यांच्या वर ना? (इथल्या चर्चमध्ये लोक इतकं हळू गातात की वाटतं कुणी झोपलंय बाजूला.) यंदा तिकडे टोंगात नीरफणस कसा धरलाय तेही कळवा. इथे दुकानात मिळतो, पण बर्फात ठेवलेला, त्याला चव पावसाळी चपलेची.

तर मुद्दा असा, की ब्रिस्बेनचा तुमचा मेळावा आटोपला की एक दिवस तुम्ही माझ्याकडे, मी काम करतो त्या वॉटर पार्कात येणार. अट तुमची: तो जेवणाचा प्लॅन मी आधीच घेऊन ठेवायचा. पैसे आधी भरायचे, मनगटात कागदी पट्टा बांधून घ्यायचा, मग दिवसभर कुठल्याही काउंटरवर जाऊन खायचं. ऑकलंडच्या कुणीतरी तुमच्या कानात भरवलं की इथे सगळे मानाचे पाहुणे असाच पट्टा बांधून फिरतात. आणि पट्टा नसेल तर तुम्ही मेळाव्यातून परस्पर विमानतळावर. आत्याबाई, घरचं माणूस डोळ्यांनी बघून मला किती काळ झाला ते तुम्ही जाणता. तुम्ही न येणं मला परवडणारं नाही. म्हणून मी ठरवलं, हा प्लॅन चांगला की वाईट हे तोंडाने न सांगता पोटाने बघायचं. सुट्टीच्या दिवशी (ज्या दिवशी शहाणी माणसं पार्कापासून लांब राहतात) मी स्वतःच्या मनगटात पट्टा बांधून घेतला.

आधी माझ्या नदीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं काम नदीवर आहे. ही नदी कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. पार्काच्या मधोमध नुसती गोल फिरते. लोक रबरी चाकात पाठ टेकून बसतात, मी काठावरून चाकाला पायाने हलकेच ढकलतो, आणि ते जातात. थोड्या वेळाने तेच लोक परत येतात, पण बदललेले. चेहरा सैल झालेला, डोळे अर्धे मिटलेले, हात पाण्यात सोडून दिलेले. मला शाळेत काही समजलं नाही, पण ही नदी समजते. दुपारी ऊन पाण्यावरून उड्या मारत छपराच्या खालच्या बाजूला जाऊन थरथरतं आणि मला वाटतं मी आपल्या बंदराच्या धक्क्याखाली पडलोय, वर कोणीतरी अनवाणी चालतंय. मग ब्रॉनविनबाई ओरडतात. (ब्रॉनविनबाई माझ्या वरच्या. मनाने चांगल्या, उन्हाने लाल.)

तर पट्टा दाखवून पहिलं ताट घेतलं. काउंटरवर माझा फिजीचा दोस्त आपेनिसा. म्हणाला, "काय रे टोंगन, आज गिऱ्हाईक होऊन आलास? घे, घे, बटाटे जास्त टाकतो, तुझ्या डोक्यात आहेत तेवढेच." ताट घेऊन बाकावर बसलो. प्रार्थना म्हटली. आणि आत्याबाई, हात पुढे जाईना. सगळ्यात मोठ्या माणसाने घेतल्याशिवाय मी जन्मात पहिला घास घेतलेला नाही. मग मोठं माणूस शोधलं. शेजारच्या बाकावर एक म्हातारा-म्हातारी थर्मासमधला चहा पीत होते. मी ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. म्हाताऱ्याला वाटलं मी काही विकतोय. तो म्हणाला, "नको रे बाबा, आमच्याकडे आहे." मी हललोच नाही, तेव्हा घाबरून त्याने एक बटाट्याचा तुकडा उचलला. मला इतकं बरं वाटलं की मी मागच्या बाकावरच्या चार पोरांनाही हाक मारली. पोरांना काय, ती धावतच आली.

आणि ब्रॉनविनबाईही आल्या. "मानासे, हा पट्टा एका माणसाचा आहे. दुसऱ्याला द्यायचं नाही, नियम आहे."

मी म्हटलं, "बाई, एका माणसाचा आहे ते बरोबर. पण एका माणसाने जेवायचं कसं?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पोरं पांगली. म्हातारा हातातला तुकडा परत ताटात ठेवू की नको या विचारात. मी एकट्याने संपवलं. गार झालं होतं.

दुसरं ताट लगेच मिळत नाही, पट्टा मधे दीड तास रुसतो. तेवढा वेळ मी माझ्याच नदीच्या काठावर पाय सोडून बसलो, नंतर ताट घेऊन परत तिथेच. पाणी चाललेलं, चाकं चाललेली, आणि मला डुलकी लागली. डुलकीत काय बघतो, तर नदीत सगळं गावच. सगळ्यात पुढच्या चाकात तुम्ही, कमरेला चर्चला जाताना बांधता ती रविवारची चटई गुंडाळलेली, हातात पंखा, तुमच्या डोक्यावर यायची ऊनसुद्धा हिंमत करत नाहीये. तुमच्यामागे पाद्रीसाहेब, खोकत. मग गायनमंडळ, आवाजाच्या क्रमाने. आणि भट्टीतून काढलेलं सगळं पानात गुंडाळून चाकाचाकातून पुढे चाललंय, अळूची पानं, नारळाच्या दुधातलं मटण, डुकराची कुरकुरीत कातडी. कुणीच खात नाही, नुसतं पुढच्याला देतंय, पुढचा पुढच्याला, तुमच्यापर्यंत. तुम्ही एक घास घेता आणि मग ते सगळं त्याच वाटेने मागे येतं, आणि नदी गोल असल्यामुळे शेवटचा माणूस कुणीच नाही. मी काठावर उभा. एकेकाच्या चाकाला हलकेच ढकलतोय, आणि प्रत्येक जण जाता जाता माझ्या हातात काहीतरी ठेवतोय.

जाग आली तेव्हा तो इथला पांढरा, वाकड्या चोचीचा पक्षी माझ्या ताटात मान घालून उभा होता. हाकलला नाही. निदान कुणीतरी जेवायला बसलं होतं.

तिसऱ्या ताटात कोंबडी होती. पोट भरलेलं. म्हणून आपल्याकडे करतात तसं कागदात बांधून घरी न्यायचं ठरवलं, खोलीतल्या पोरांना. फाटकावरच्या माणसाने अडवलं. पट्ट्यावरचं आतच खायचं, नाहीतर इथे डब्यात टाकायचं. अन्न टाकायचं, आत्याबाई! मी त्यालाच देऊ केलं, तर त्यालाही घ्यायची परवानगी नाही. मग मी तिथे उभ्या उभ्या खाल्लं. संध्याकाळ होती, सगळी कुटुंबं बाहेर पडत होती, झोपलेली पोरं खांद्यावर, आणि मधोमध मी, दोन्ही हातांत कोंबडी. इतकं भरपेट खाऊन इतकं उपाशी मला कधी वाटलं नव्हतं.

तर माझा निकाल असा. पोट ज्याचं एकट्याचं आहे त्याला हा प्लॅन फायद्याचा. दिवसभरात तीन ताटं खाल्ली की पैसे वसूल, चौथं फुकट. आपल्याला नाही. रोख पैसे देऊन घेतलेलं ताट मात्र तुम्ही अख्ख्या रांगेला वाटलंत तरी कुणी विचारत नाही, हे मी ब्रॉनविनबाईंकडून पक्कं करून घेतलंय. तेव्हा पट्टा नको. मी रोखीने घेईन, तुम्ही पहिला घास घ्या, पुढचं मी बघतो. यात कंजूषपणा दिसत असेल तर खुशाल दिसो. पण या.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
मानासे

ता. क. पत्र लिहून झालं आणि मग तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तुमचा पट्टा घेऊन टाकलाय. पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे आता वाद घालण्यात अर्थ नाही. मनगट उंच करून फोटो काढू, चर्चच्या बायकांना पाठवा. तुमच्या ताटातलं तुम्ही माझ्या ताटात टाकल्याशिवाय राहणार नाही, हे मी ब्रॉनविनबाईंना आधीच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी त्या बाजूला बघणारच नाही.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. आईला सोबत आणा. तिला विचारू नका. विचारलं की ती डुकरांचं निमित्त काढते, कोंबड्यांचं काढते, शेवटी कपडे नाहीत म्हणते. मी विचारून थकलो. तुम्ही नुसतं "चल" म्हणा. भावाच्या घरात तुमचा शब्द मोडायची कुणाची छाती नाही, आईची तर नाहीच, आणि या एका कामासाठी तुम्ही जन्मभर गाजवलेली सगळी सत्ता मी माफ करायला तयार आहे. विमानात ती खिडकीची जागा मागणार नाही, तरी तिलाच द्या. तिच्या तिकिटासाठी अकराशे चाळीस डॉलर पाठवतो आहे.